मूळव्याध समजलेल्या चामखिळी : गुदद्वाराच्या एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) संसर्गाचं एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ३८, विवाहित, दोन मुलं. गाव केज आणि कळंब या दोन तालुक्यांच्या मधल्या पट्ट्यात. काम उसाच्या वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवण्याचं. हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याच्या गाडीतळावर मुक्काम, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गावाकडं. केसपेपरवर लिहिलेली तक्रार एवढीच : ‘मूळव्याध, दीड वर्ष, औषधाने फरक नाही.’ ओळख पटू नये म्हणून घरचे आणि कामाचे काही तपशील बदलले आहेत.

मी त्वचा व गुप्तरोग विभागात काम करते. हा रुग्ण आमच्याकडं सर्जरीच्या ओपीडीतून आला. तिथल्या एका शिकाऊ डॉक्टरनं त्याला पडद्याआड नेऊन तपासलं आणि ‘मूळव्याध नाही, स्किनला दाखवा’ असं लिहून पाठवलं. त्या मुलाचं मला मनापासून कौतुक वाटतं. दीड वर्षात या माणसाकडं उजेडात नीट पाहणारा तो पहिला होता.

दीड वर्षाचा प्रवास

सुरुवात खाजेनं झाली. मग सतत ओलसर वाटायला लागलं, धुताना हाताला बारीक कोंब लागायला लागले, कधी कधी रक्ताचा डाग दिसायचा. शौचाला त्रास नव्हता, बद्धकोष्ठ नव्हतं. आधी मेडिकलवरून मलमाची ट्यूब आणली. मग गावातल्या दवाखान्यातून महिनाभर मूळव्याधीच्या गोळ्या घेतल्या. त्यानंतर ‘मूळव्याध, भगंदर, फिशर : विना ऑपरेशन हमखास इलाज’ अशी पाटी लावलेल्या एका ठिकाणी गेला. तिथं एक जाळणारा लेप लावला. आठवडाभर त्याला बसता आलं नाही. कोंब काळे पडून गळाले, आणि तीन महिन्यांत आधीपेक्षा जास्त उगवले. हंगामासाठी आगाऊ घेतलेल्या उचलीतले अठरा हजार रुपये त्यात गेले.

आपल्याकडं कमरेखालच्या मागच्या बाजूला काहीही झालं की त्याला मूळव्याध म्हणतात. फिशर म्हणजे चीर असो, भगंदर असो, कातडीचा लोंबता तुकडा असो, चामखीळ असो, अगदी गुदद्वाराचा कर्करोग असला तरी नाव तेच. त्यामागं लाज आहे हे खरं, पण ती फक्त रुग्णाची नाही. डॉक्टरही ‘शौचाला आग होते का, रक्त पडतं का’ एवढं विचारून चिठ्ठी लिहितात. कपडे काढायला सांगणं, कुशीवर झोपवणं, हातमोजा घालून बोटानं तपासणं हे सगळं टाळलं जातं. गर्दीच्या ओपीडीत वेळ नसतो, पडदा नसतो, हे मला रोजच दिसतं. तरी माझं म्हणणं हेच आहे की या आजारात अर्धा उपचार पाहण्यात आहे. पाहिलंच नाही तर पुढचं सगळं औषध अंधारात जातं.

लक्षणांतूनही थोडा अंदाज येतो. आतल्या मूळव्याधीत रक्त साधारणपणे शौचाबरोबर, लालभडक, थेंब-थेंब पडतं आणि दुखत नाही. फिशरमध्ये शौचाच्या वेळी चिरल्यासारखी कळ येते आणि नंतर बराच वेळ आग राहते. चामखिळी मात्र दुखत नाहीत. त्या खाजतात, ओल्या राहतात आणि हळूहळू वाढत जातात. पण हा अंदाजच. खात्री पाहिल्यावरच होते.

तपासणी

‘‘मॅडम, मूळव्याधीचा डॉक्टर येगळा असतो ना वो? मला इकडं कामून धाडलं?’’ हा त्याचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, दादा, आधी बघू, मग सांगते. पुरुष कर्मचारी सोबत ठेवला, दार लावून घेतलं, काय करणार ते प्रत्येक पायरीला सांगितलं. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. बाई डॉक्टर तपासणार म्हणून तो आक्रसून गेला होता. दोन मिनिटांनी त्याचे खांदे सैल पडले.

गुदद्वाराभोवती राखाडी-गुलाबी, ओलसर, फुलकोबीच्या गड्ड्यासारखे खडबडीत कोंब होते. सर्वांत लहान २ मिलिमीटरचा, सर्वांत मोठा सेंटिमीटरभर. डाव्या बाजूला लेपानं जळलेल्या जागेचा पांढरट, घट्ट व्रण होता आणि त्या व्रणाच्या कडेला एक चपटा, गडद, थोडा जाडसर चट्टा. बाकीच्या कोंबांपेक्षा तो वेगळा दिसत होता. बोटानं तपासताना आत टणक गाठ लागली नाही. जांघेत गाठी नव्हत्या. प्रॉक्टोस्कोप (आत बघायची आखूड नळी) घातल्यावर मात्र गुदमार्गाच्या आतही, खालच्या भागात, आणखी कोंब दिसले. बाहेरचे जाळून आतले राहिले तर आजार परत येतो. लेपवाल्याच्या इलाजानंतर तो का परतला याचं एक कारण तिथंच दिसत होतं.

इथं दुसरा एक आजार डोक्यात ठेवावाच लागतो. सिफिलिसच्या दुसऱ्या टप्प्यातही गुदद्वाराजवळ ओलसर उंचवटे येतात. ते चपटे आणि गुळगुळीत असतात, त्यांचा उपचार पेनिसिलिनचं इंजेक्शन हा असतो, आणि ते कॉटरीनं (विजेवर तापणाऱ्या उपकरणानं) जाळत बसलं तर आजार आत वाढत राहतो. म्हणून सिफिलिसची रक्ततपासणी केल्याशिवाय कुठल्याही कोंबाला हात लावायचा नाही, असा आमच्या विभागाचा शिरस्ता आहे. सोबत एचआयव्ही, कावीळ बी आणि सी. एचआयव्हीची तपासणी समुपदेशन करून आणि संमती घेऊन. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे ती लपूनछपून करता येत नाही, आणि करूही नये.

विचारणं

समुपदेशक आमचे जुने आहेत, बीड जिल्ह्यातलेच. त्यांची प्रश्न विचारायची पद्धत मला फार महत्त्वाची वाटते. ‘बाहेर कुठं जाता का?’ असं ते कधीच विचारत नाहीत. त्या प्रश्नातच आरोप असतो आणि उत्तर ‘नाही’ असंच येतं. ते म्हणाले, ‘‘दादा, हे मी इथं येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो. संबंध बायांशी येतात, गड्यांशी येतात, का दोघांशीबी? जे असंल ते सांगा, त्याप्रमाणं कुठं कुठं तपासायचं ते ठरतं.’’

बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, ‘‘दोघांशी. हंगामात एकजण असतो. मित्रच हाय मव्हा, सात-आठ साल झाले.’’ आणि लगेच पुढं, ‘‘सर, यात पोलिस केस होते का?’’

समुपदेशकांनी त्याला सांगितलं की दोन सज्ञान माणसांनी एकमेकांच्या मर्जीनं खासगीत ठेवलेला संबंध हा गुन्हा नाही, सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला तसा निकाल दिला आहे. त्याला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तो आजारापेक्षा या भीतीपायी दवाखाना टाळत होता, हे त्यानं नंतर स्वतःच सांगितलं.

इथं एक गोष्ट डॉक्टर मंडळींनीही लक्षात ठेवायला हवी. गुदद्वाराजवळ चामखीळ दिसली म्हणजे पाठीमागून संबंध आलाच असा निष्कर्ष काढता येत नाही. एचपीव्ही कातडीला कातडी लागून पसरतो. जननेंद्रियाजवळचा विषाणू बोटांनी, घासण्यानं मागं जाऊ शकतो. ज्या बायकांचा असा संबंध कधीच आलेला नाही त्यांच्याही गुदद्वारात हा विषाणू सापडतो, विशेषतः गर्भाशयाच्या तोंडाशी किंवा योनीजवळ त्याचा संसर्ग असेल तर. म्हणून प्रश्न सगळ्यांना विचारायचा आणि उत्तर रुग्णाकडूनच घ्यायचं. कातडी बघून चारित्र्याचा दाखला लिहायचा नाही.

विषाणूबद्दल त्याला काय सांगितलं

एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत, त्यांतले साधारण चाळीस जननेंद्रियं आणि गुदद्वाराच्या भागात राहतात. चामखिळी बहुतेक वेळा ६ आणि ११ या प्रकारांमुळं होतात, आणि हे दोन प्रकार सहसा कर्करोगाकडं नेत नाहीत. कर्करोगाशी जोडलेले प्रकार वेगळे, त्यांत १६ क्रमांकाचा सर्वांत वाईट. गुदद्वाराच्या कर्करोगांपैकी दहातल्या नवांच्या मुळाशी एचपीव्ही असतो. एकाच माणसाला दोन्ही गटांतले प्रकार एकदम असू शकतात. चामखीळ स्वतः साधी असली तरी शेजारी काय आहे ते बघावं लागतं, ते यासाठी.

‘‘हे मला कुणाकडून आलं?’’ हे त्यानं विचारलं, सगळेच विचारतात. उत्तर देता येत नाही. चामखीळ संसर्गानंतर काही आठवड्यांत उगवते, काही महिन्यांत उगवते, आणि विषाणू कित्येक वर्षं गप्प राहून मगही उगवू शकते. तेव्हा मित्राला किंवा बायकोला जबाबदार धरायला कसलाही आधार नाही. बहुतेक लोकांच्या शरीरात हा संसर्ग एक-दोन वर्षांत प्रतिकारशक्तीच दाबून टाकते, त्यांना कधी कळतही नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे त्यांच्यात मात्र तो ठाण मांडतो.

चामखिळी इतक्या झपाट्यानं वाढल्या, आत-बाहेर पसरल्या, जाळूनही परत आल्या. म्हणूनच एचआयव्हीच्या रिपोर्टची मला धास्ती वाटत होती.

रिपोर्ट

एचआयव्ही पॉझिटिव्ह. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) २१०. सिफिलिस निगेटिव्ह, कावीळ बी आणि सी निगेटिव्ह. छातीचा एक्स-रे स्वच्छ. त्याच आठवड्यात एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, नोंद झाली आणि टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्रॅव्हिर असलेली रोजची एक गोळी सुरू झाली.

व्रणाच्या कडेच्या चपट्या चट्ट्याचा तुकडा बायोप्सीला पाठवला होता. त्यात वरच्या दर्जाचे बदल निघाले. म्हणजे कर्करोग नव्हे, पण कातडीच्या थरातल्या पेशी पुष्कळ बिघडलेल्या. अशांतल्या थोड्यांचा पुढं काही वर्षांत कर्करोग होतो. आधी जो लेप लावला गेला त्यानं वरचं जाळून टाकलं होतं आणि तपासायला तुकडाही शिल्लक ठेवला नव्हता. जाळण्याआधी वेगळ्या दिसणाऱ्या भागाचा तुकडा काढून ठेवणं किती गरजेचं असतं, हे या रिपोर्टनं दाखवलं.

रुग्णाला दोन बातम्या एकाच दिवशी देऊ नयेत असं समुपदेशकांचं मत होतं, आणि ते बरोबर होतं. एचआयव्हीचं आधी सांगितलं, गोळ्या सुरू झाल्या, त्या अंगी लागल्यावर बायोप्सीचं.

असे बिघडलेले पेशींचे चट्टे काढावेत का नुसतं लक्ष ठेवावं, यावर जगभर बरीच वर्षं वाद होता, कारण काढले तरी ते परत येतात. त्याचं उत्तर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या अँकर नावाच्या अभ्यासातून मिळालं. एचआयव्हीसह जगणाऱ्या, ३५ वर्षांवरच्या, असे चट्टे असलेल्या ४,४४६ लोकांना दोन गटांत वाटलं. एका गटाचे चट्टे काढले, दुसऱ्यावर फक्त लक्ष ठेवलं. काढलेल्या गटात ९ जणांना कर्करोग झाला, लक्ष ठेवलेल्या गटात २१ जणांना. धोका ५७ टक्क्यांनी कमी. आमचा रुग्ण ३८ वर्षांचा, एचआयव्हीसह, वरच्या दर्जाचा चट्टा. म्हणजे तो नेमका त्या अभ्यासातल्या लोकांसारखाच. काढायचं ठरलं.

उपचार

औषधी मलमांचा विचार आधी केला. इमिक्विमॉड हे मलम बाहेरच्या चामखिळींवर चांगलं चालतं : आठवड्यातून तीन रात्री लावायचं, सकाळी धुऊन टाकायचं, जास्तीत जास्त १६ आठवडे. पण ते गुदमार्गाच्या आत लावण्यासाठी नाही, लावलेली जागा लाल होऊन सोलवटते, आणि महागही पडतं. पोडोफायलिन डॉक्टरनंच लावायचं आणि काही तासांत धुवायचं असतं. तेही आत नको, आणि गरोदर बाईला तर मुळीच नको. ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड किंवा द्रव नायट्रोजननं गोठवणं हे थोड्या, लहान कोंबांसाठी ठीक. एवढा पसारा असल्यावर शस्त्रक्रियाच योग्य होती.

एक सांगून ठेवते, कारण हे वारंवार पाहते : पायाच्या कुरूपाचं किंवा हातावरच्या चामखिळीचं औषध मेडिकलवरून आणून इथं लावू नका. इथली कातडी नाजूक असते, जखम खोल होते, आणि वेड्यावाकड्या व्रणानं गुदद्वार आवळून जाऊ शकतं. चामखिळी असताना त्या भागात वस्तराही फिरवू नये. बारीक कापांतून विषाणू शेजारी पसरतो.

जुलैमध्ये, गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाल्यावर, कमरेत भूल देऊन शस्त्रक्रिया झाली. सर्जननं मोठे कोंब कापून काढले, बारीक कोंब कॉटरीनं जाळले. व्रणाजवळचा चट्टा पूर्ण काढून पुन्हा तपासणीला पाठवला. त्यातही कर्करोग नव्हता. जखमांच्या मधे निरोगी कातडीचे पट्टे मुद्दाम शिल्लक ठेवले. सगळं एका दमात गोल खरवडलं तर भरताना तोंड आकसतं आणि माणूस जन्मभर शौचाला अडकतो, म्हणून हे पट्टे. कॉटरीच्या धुरात विषाणूचे कण असतात, त्यामुळं धूर ओढणारी नळी आणि सगळ्यांच्या तोंडाला एन-९५ मास्क.

नंतर कोमट पाण्याच्या टबात दिवसातून तीन वेळा बसणं, रात्री इसबगोल, दुखण्यावर गोळ्या. पहिला आठवडा कठीण गेला. पूर्ण भरायला सहा आठवडे लागले.

ऑक्टोबरमध्ये जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात पुढची तपासणी झाली. गुदमार्ग मोठा करून बघायची खास दुर्बीण आणि ती वापरायला शिकलेले हात आपल्याकडं फार थोड्या ठिकाणी आहेत. पण गर्भाशयाचं तोंड बघायची कोल्पोस्कोप जिल्ह्याच्या स्त्रीरोग विभागांत असते, आणि तत्त्व तेच : पातळ ॲसेटिक ॲसिड लावायचं, थांबायचं, बिघडलेली जागा पांढरी पडते, ती मोठी करून बघायची. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सर्जन दोघं एकत्र बसले. एक छोटा पांढरा डाग दिसला, जागा बधिर करून तो जाळला. प्रशिक्षण घेतलेल्या माणसाची बरोबरी याला नाही, हे दोघांनाही मान्य आहे. पण हातात असलेलं यंत्र नुसतं धूळ खात ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

बायको

ही या प्रकरणातली सर्वांत अवघड बाजू होती. एचआयव्हीचं बायकोला सांगणं आधी रुग्णानंच करावं यासाठी समुपदेशक त्याच्याशी पुन्हा पुन्हा बोलले. रुग्ण सांगायला तयारच नसेल आणि जोडीदाराला धोका असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशकाला काही अटींवर सांगण्याची वाट कायद्यात आहे, पण तिथवर जायची वेळ आली नाही. तो स्वतः तिला घेऊन आला. मित्राचं तिला सांगायचं का, हा त्याचा निर्णय. आम्ही सांगितलं नाही.

तिचा एचआयव्ही रिपोर्ट निगेटिव्ह आला, तीन महिन्यांनी पुन्हा केला तोही निगेटिव्ह. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोगही एचपीव्हीमुळंच होतो, म्हणून तिला त्या तोंडाची तपासणी करून घ्या म्हटल्यावर ती म्हणाली, ‘‘मॅडम, मव्ही तर पिशवीच काढलीय. आता कशाचा कॅन्सर?’’ पिशवी काढली तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती, तक्रार अंगावरून पांढरं जाण्याची. बीड जिल्ह्यात हे नवं नाही. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,००० हून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली आणि राज्यभर चर्चा झाली.

पण पिशवी काढली म्हणजे तिचं तोंडही काढलं असं नेहमी नसतं, आणि हिच्याकडच्या कागदावर ‘हिस्टरेक्टॉमी’ एवढाच शब्द होता. स्पेक्युलम लावून पाहिलं तर तोंड जागेवर होतं. म्हणजे धोकाही जागेवर, आणि ती सहा वर्षं निर्धास्त. व्हीआयए (ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी) केली, निगेटिव्ह आली. तिला एचपीव्हीच्या नमुन्याचीही तपासणी मिळावी म्हणून पुढं पाठवलं.

या पट्ट्यात हे पाहून मन विषण्ण होतं, कारण गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगावर जगाला शहाणं करणारा एक मोठा अभ्यास इथंच, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत झाला. बार्शीचं कर्करोग रुग्णालय आणि टाटा मेमोरियल त्यात होते. १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया त्यात आल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले : तपासणीच्या गटात ३४, तपासणी न झालेल्या जवळपास तेवढ्याच गटात ६४. २००९ मध्ये तो निष्कर्ष छापून आला. ज्या मातीतल्या बायांनी हे जगाला शिकवलं, तिथल्याच बाईला पिशवीचं तोंड आहे का नाही हेही कुणी सांगू नये, याचा मला राग येतो.

मुलं आणि लस

मुलगी बारा वर्षांची, मुलगा दहाचा. लसीचा विषय मीच काढला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्वाव्हॅक या लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली, २०२३ मध्ये ती बाजारात आली. ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर चालते, आणि ९ ते २६ वयाच्या मुलींना आणि मुलांनाही देता येते. पंधरा वर्षांच्या आत दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतरानं, त्यापुढं तीन. एचआयव्हीसह जगणाऱ्यांना वय कितीही असलं तरी तीन.

‘‘पोरालाबी?’’ असं त्यानं विचारलं. मी होय म्हटलं. ही ‘मुलींची लस’ म्हणून आपल्याकडं आली, त्यात मुलग्यांचं नाव मागं पडलं. मुलग्यांनाही चामखिळी होतात, गुदद्वाराचा, लिंगाचा, घशाचा कर्करोग होतो. पुरुषांशी संबंध असलेल्या १६ ते २६ वयाच्या ६०२ तरुणांवर झालेल्या, २०११ मध्ये छापलेल्या अभ्यासात, लसीनं या चार प्रकारांमुळं होणारे गुदद्वारातल्या पेशींचे बिघाड ७७.५ टक्क्यांनी कमी केले. हा आकडा सगळे डोस वेळेत घेतलेल्या आणि आधी संसर्ग नसलेल्या तरुणांचा आहे. मोठा होऊन मुलगा कुणावर प्रेम करणार आहे हे दहाव्या वर्षी कुणालाच ठाऊक नसतं, ठाऊक असायची गरजही नाही. सगळ्या मुलांना लस दिली की प्रश्नच उरत नाही.

स्वतः त्याला लस का नाही, हेही त्यानं विचारलं. ती येणारा संसर्ग अडवते, आलेला काढत नाही. त्याच्या वयात आणि त्याच्या अवस्थेत तिच्यावर पैसे घालण्यापेक्षा ते दोन मुलांवर घालावेत असं मी स्पष्ट सांगितलं. एका डोसला साधारण दोन हजार रुपये, दोन मुलांचे चार डोस. मुलीचा पहिला डोस दिवाळीआधी झाला, मुलाचा हंगामातल्या पगारातून.

हंगाम

नोव्हेंबरमध्ये त्याला निघावंच लागणार होतं. उचल घेतलेली होती. गाडीतळावर राहून गोळ्या चुकू नयेत म्हणून एआरटी केंद्रानं एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या आणि कारखान्याजवळच्या केंद्राची चिठ्ठी दिली. मित्रानं तिकडंच तपासणी करून घेतली. तिचा निकाल त्याचा त्याच्याकडं. कंडोमबद्दल खरं तेच सांगितलं : एचआयव्हीपासून भरवशाचं संरक्षण, एचपीव्हीपासून अर्धवट, कारण झाकली न जाणारी कातडी उरतेच, तरी वापरायचाच. बिडी बंद करायला सांगितली. धूम्रपान करणाऱ्यांत गुदद्वाराचा कर्करोग जास्त होतो. बिडी कमी झाली आहे, सुटलेली नाही.

फेब्रुवारीत तो दोन दिवसांसाठी आला. बाहेर तीन बारीक कोंब परत दिसले. घाबरला होता. असं होणार हे आधीच सांगितलेलं असल्यामुळं समजूत पटली. चामखिळी परतणं हे या आजाराचं नेहमीचं वागणं आहे, सर्वांत जास्त पहिल्या काही महिन्यांत. तिन्ही गोठवले.

सध्याची स्थिती

सीडी४ ३९०. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, मोजता न येण्याइतका कमी. गुदद्वार आकसलेलं नाही, शौचाला त्रास नाही. दर सहा महिन्यांनी बोटानं तपासणी आणि प्रॉक्टोस्कोपी, वर्षातून एकदा कोल्पोस्कोपखाली. मधल्या काळात गाठ लागली, न भरणारी जखम झाली, रक्त वाढलं, जांघेत गाठ आली किंवा शौचाचा आकार बदलला, तर हंगाम असो नसो, लगेच यायचं. तशी वेळ आलीच तर वाट कुठली, हेही त्याला कागदावर लिहून दिलं आहे : बार्शी किंवा छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, सोबत रेशनकार्ड आणि आधार, महात्मा फुले योजनेसाठी. हा कर्करोग वेळेत सापडला तर बहुतेकांना गुदद्वार काढून पोटावर शौचाची पिशवी लावून जगावं लागत नाही. डेट्रॉइटमधले सर्जन नॉर्मन निग्रो यांनी १९७४ मध्ये किरणोपचार आणि केमोथेरपी एकत्र देण्याची जी पद्धत मांडली, तीच आजही पहिला उपचार आहे. हे त्याला मुद्दाम सांगितलं, कारण ‘पिशवी लावतेत’ या ऐकीव भीतीनं माणसं गाठ लपवून ठेवतात.

आमच्याकडं यातून एक बदल झाला. एआरटी केंद्रात येणाऱ्या ३५ वर्षांवरच्या प्रत्येकाला, पुरुष असो वा बाई, आता वर्षातून एकदा विचारलं जातं : मागच्या बाजूला खाज, कोंब, रक्त, गाठ काही आहे का? होय म्हटलं की त्याच दिवशी तपासणी. ज्या पुरुषांचे पुरुषांशी संबंध आहेत आणि ज्या तृतीयपंथी व्यक्ती येतात, त्यांना तक्रार नसली तरी बोटाच्या तपासणीचं विचारतो. नको म्हणण्याचा हक्क त्यांचा. बहुतेक जण हो म्हणतात. यासाठी लागलं ते एक टेबल, एक दिवा, हातमोज्यांचा डबा आणि दाराला आतून लागणारी कडी. कडीसाठी चार महिने अर्ज करावे लागले.